कांसात उभी कमला

घनश्यामच्या फोटो स्टुडिओवरून प्रेमलाल रोज सायकलनं कचेरीत जायचा, पण त्याच्या शोकेसकडे त्यानं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं होतं तरी काय त्यात? कागदी फुलांच्या कुंडीशेजारी अवघडून बसलेली नवरा-नवरी, टेबलावर पालथी घातलेली उघडी बाळं, आणि खालच्या ओळीत घनश्यामची खासियत असलेले जोडफोटो. बालाघाटात कोणाचा बाप पोराच्या लग्नाआधी गेला, कोणाची आई नातवाचं तोंड न पाहता गेली, की लोक जुना फोटो घेऊन घनश्यामकडे यायचे. तो त्या गेलेल्या माणसाला फोटोतून कापून काढायचा, जिवंतांच्या रांगेत चिकटवायचा, कडा ब्रशानं बुजवायचा आणि सगळ्यांचा मिळून पुन्हा एक फोटो काढून द्यायचा. त्या रविवारी सकाळी प्रेमलाल कॅमेऱ्याची कातडी पेटी गळ्यात अडकवून वैनगंगेकडे निघाला होता. कुंवार, म्हणजे आश्विन, संपत आला होता, ऊन कोवळं होतं, स्वारी खुशीत होती. मधेच एक बैल रस्त्यात आडवा झाला म्हणून त्यानं पाय टेकला, तो नेमका शोकेससमोर. काचेआड, खालच्या ओळीत, कमला उभी होती. त्याची एकुलती एक मुलगी कमला, कमरेपर्यंत कांसाच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतात, डोक्यावरचा पदर जरा मागे सरकलेला. मागे पळसाचं वाकडं झाड, त्याच्यामागे धानाच्या खाचरांच्या बांध्या, त्याच्याही मागे नदीची पट्टी. तो कांस त्याचा होता, ते झाड त्याचं होतं. गेल्या कुंवारात हवं तसं ऊन पडायची वाट बघत बघत त्यानंच तो फोटो काढला होता, आणि त्यात कोणीही नव्हतं. कांसाच्या काडीकाडीची सावली उजवीकडे पडली होती. कमलाची पडली नव्हती. प्रेमलालच्या हातातून सायकल सुटली, आणि तिच्या आवाजानं बैल बिचकून आपणच बाजूला झाला.

आवाज ऐकून घनश्याम उदबत्तीचा पुडा हातात घेऊन बाहेर आला. फोटोकडे आणि प्रेमलालकडे बघून त्याचा चेहरा फुलला. "आओ आओ, प्रेमलालभाऊ! पाह्यलं का? कैसी बनी?"

"हे कोणी केलं?"

"मीच केलं, और कौन करेगा? होळीच्या टायमाले कमलाबाई आली, हातात तुमचा फोटू. बोलली, काका, मले याच्यात उभं करून द्या. मी बोललो, अरे बेटी, ये तो गुजरे हुए लोगों का काम है, तू तं चांगली हट्टीकट्टी हायेस. तं हासली. करा तं खरं, बोलली, फक्त बाबाले सांगू नका. नाही सांगतलं मी. पण काल शोकेस पुसली, तवा म्हटलं, इतकं फस्क्लास काम काहून पेटीत सडू द्यावं?" एवढं सांगून घनश्याम शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

"काढा तो तिथून," प्रेमलाल म्हणाला.

"काहून? खराब झाला का?"

"काढा म्हणतो ना!"

घनश्यामनं मुकाट्यानं काच सरकवली, फोटो काढून पुढे केला. प्रेमलालनं हात मागे घेतला. त्या फोटोला हात लावायची त्याची छाती झाली नाही. त्यानं सायकल उचलली, नदीची वाट सोडली आणि भरवेलीचा रस्ता धरला, कारण कमला भरवेलीला होती, नवऱ्याला, मोतीलालला, खाणीच्या लाइनीत मिळालेल्या क्वार्टरमध्ये, आणि तिचे दिवस भरत आले होते.

आता प्रेमलालची गोष्ट अशी होती की माणूस तसा शिकलेला. जंगल खात्याच्या कचेरीत बाबू. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, वॉर्डातल्या विहारात दर रविवारी उभं राहून लोकांना सांगणारा की बाबांनो, ताप आला तर भगताकडे जाऊ नका, दवाखान्यात जा. लिंबू-मिरची टांगू नका, दारात बिब्बा ठेवू नका. लोक ऐकायचे, काही जण तसं वागायचेसुद्धा. आणि हाच माणूस मनातल्या मनात एका गोष्टीवर असा ठाम बसला होता की भगतानंही तोंडात बोट घालावं. आपण ज्याचा फोटो काढतो ते माणूस जगत नाही, असं त्याला वाटत होतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? ज्यांना रविवारी शहाणपण शिकवायचं त्यांना सोमवारी हे सांगायचं? दीक्षेच्या त्याच फेरीत नागपूरहून त्यानं हा जुना घडीचा कॅमेरा आणला होता. नव्या जन्मातला पहिला फोटो बापाचा, म्हणून फकिराला अंगणात बाजेवर बसवून त्यानं फोटो काढला, आणि माघ सरायच्या आत फकिरा गेला. म्हातारा होता, खोकला जुना होता, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही, प्रेमलाललाही नाही. पुढच्या कुंवारात त्यानं अंजनाचा, बायकोचा, फोटो काढला. नदीकाठी, फुललेल्या कांसात, पांढरं लुगडं नेसून ती उभी होती आणि ऊन तिच्या एका गालावर पडलं होतं. कार्तिकात अंजना तापानं गेली. रोल तेव्हा घनश्यामकडे होता. तेराव्यालाच काय, कसल्याच दिवसाला मानायचं नाही असं ठरवलेल्या घरात एका संध्याकाळी तो फोटो धुऊन आला, आणि त्यात अंजना चांगली हसत होती. सहा वर्षांची कमला तो फोटो हातात घेऊन आईला घरभर शोधत फिरली. त्या संध्याकाळी प्रेमलालच्या डोक्यात जे बसलं ते पुन्हा उठलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान पिवळा पडत चालला होता. खाणीचे ट्रक काळा दगड भरून समोरून येत होते आणि त्यांची धूळ अंगावर घेत प्रेमलाल सायकल हाणत होता. इतर कुठल्याही कुंवारात त्यानं या वाटेवर दहा ठिकाणी पाय टेकला असता. पावसाळा धुऊन गेल्यावरचं हे ऊन त्याचं जीव की प्राण. पावसात सगळं एकसारखं हिरवं असतं, उन्हाळ्यात सगळं एकसारखं भाजलेलं. हा महिना-दीड महिना तेवढा असा असतो की प्रत्येक बांधीचा रंग शेजारच्या बांधीशी जुळत नाही, साजाच्या झाडाचं पान कडेनं तांबूस होतं आणि नदी खाली उतरून रेतीवर आपल्या रेघा मागे ठेवते. अंजना गेल्यावर त्यानं कॅमेरा वैनगंगेत टाकायला नेला होता, तो अशाच एका सकाळी. टाकला नाही. समोर कांस फुलला होता, त्यात कोणी नव्हतं, आणि त्याला वाटलं, कांसाला काय होणार? कांस तर तसाही वाळणारच. म्हणून त्यानं कांसाचा फोटो काढला. तेव्हापासून दर कुंवार-कार्तिकात तो झाडांचे, गवताचे, पाण्याचे फोटो काढायचा, फक्त आपल्यासाठी. कोणाला दाखवायचा नाही, पेटीत ठेवून द्यायचा. एकदा खात्री करायची म्हणून रामपायलीला बहिणीच्या, गोदाबाईच्या, घरी तिच्या बकरीचा फोटो काढून पाहिला. पंधरा दिवसांत बकरी गेली. दिवाळी तोंडावर आली होती आणि बकरी चांगली धष्टपुष्ट होती, हे त्यानं हिशेबात धरलं नाही. शिकलेला माणूस एकदा भ्यायला लागला की असा पुराव्यानिशी भितो.

आणि कमला? कमलाला तर त्यानं डोळ्यात तेल घालून जपलं होतं. लहानपणी ती त्याच्यामागे नदीवर यायची, फोटो काढायची वेळ आली की नेमकी कांसात शिरायची, आणि तो ओरडायचा, बाजूले हो. तिच्या लग्नात सगळ्यांनी म्हटलं, पोरीचा बाप एवढा फोटोचा शौकीन, त्यानंच काढावेत. त्यानं घनश्यामला बोलावलं आणि आपण कॅमेरा घरी कुलपात ठेवून आला. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचं त्याला भय नव्हतं. पण आता ती त्याच्या स्वतःच्या फोटोत उभी होती, त्यानं निवडलेल्या उन्हात. हे धरायचं की नाही? घनश्यामनं तिला काढलं, पण जागा त्याची, गवत त्याचं. होळीपासून ती तिथे उभी होती आणि त्याला पत्ता नव्हता. होळी, मग उन्हाळा, पावसाळा, हा कुंवार. आणि पुढे कार्तिक. सायकल चालवता चालवता त्याच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं काहीतरी बोलतो आहोत, आणि खाणीवरून परतणारे दोघे मजूर वळून आपल्याकडे बघताहेत. तो गप्प झाला, पण पाय थांबले नाहीत.

कमला क्वार्टरच्या ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. पोट एवढं पुढे आलं होतं की सूप तिनं बाजूला धरलं होतं. तिला अशी धडधाकट बसलेली पाहून त्याच्या जिवात जीव आला, आणि जीव येताच राग आला. बाळंतपणासाठी येऊन राहिलेली गोदाबाई दारातून डोकावली. "अरे प्रेमलाल, सकाळीच? अन् तोंड काहून असं काळंठिक्कर पडलं?"

त्यानं बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कमला, हे काय करून ठेवलं तू?"

कमलाचा हात तांदळात थांबला. तिला लगेच कळलं. "घनश्यामकाकानं सांगतलं?"

"शोकेसात लावला त्यानं तुले! मेलेल्या लोकांत!" जन्मात तो मुलीवर असा ओरडला नव्हता. "मोतीलाल कुठं हाय? त्यानं करू देलं तुले हे?"

"ते पाळीवर गेले. त्याह्यले नाही माहीत. कोणालेच नाही माहीत. बसा तं खरं, बाबा."

"तुले माहीत नाही पोरी... तुले समजत नाही..." इतकी वर्षं न बोललेली गोष्ट ओट्यावर, उन्हात, शेजारच्या बायका बघत असताना कशी बोलायची, हे त्याला समजेना.

"मले सगळं माहीत हाय," कमला शांतपणे म्हणाली. "आजाचा फोटो काढला, आजा गेला. मायचा काढला, माय गेली. आत्याची बकरी बी गेली."

"बकरी तं तुह्या भाटव्यानं, माह्या मालकानं, कापली रे!" गोदाबाई दारातून म्हणाली. "दिवाळीले पाव्हणे आलते. फोटो नसता काढला तरी कापलीच असती. तू त्या बकरीसाठी रडला होता ना माह्यापाशी, तवाच मी समजली का याच्या मनात काय हाय. लग्नाच्या वक्ती हे पोरगी इचारू इचारू थकली का बाबा माह्ये फोटो काहून नाही काढत, तवा सांगतलं मी तिले."

प्रेमलाल ओट्याच्या कडेला बसला. आपलं गुपित दोन बायकांच्या पदरात इतकी वर्षं बांधलेलं होतं आणि आपल्याला वाटत होतं की ते आपल्याजवळ आहे, हे ऐकून त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षाही पुढचं वाक्य जास्त लागलं.

"लहानपणी मले वाटे," कमला सुपाकडे बघत म्हणाली, "का मी काळी हावो म्हणून बाबा मले फोटोत घेत नाही. झाडाचा काढते, दगडाचा काढते, अन् मले म्हणते, बाजूले हो. मी आरशात पाहू पाहू रडो."

डोळ्यात तेल घालून जपलेली पोर आरशासमोर रडत होती आणि तो नदीवर ऊन शोधत होता. त्याला फार वाईट वाटलं, इतकं की काही वेळ तो भीतीसुद्धा विसरला.

"मंग दिवस राह्यले, तवा मले इचार आला," कमला पुढे सांगत होती. "हे लेकरू होईन. तुमच्या मागं मागं नदीवर येईन. अन् तुमी त्याले बी म्हणान, बाजूले हो. ते मले नाही पाह्यजे होतं. म्हणून तुमच्या पेटीतला एक फोटो उचलला अन् गेली घनश्यामकाकाकडं. म्हटलं, बाळंतपण चांगलं झालं का तुमाले दाखवतो, अन् तुमचं हे भेव एकदाचं काढतो."

"अन् काही झालं असतं तं?"

"झालं ना."

"काय झालं?"

"श्रावणात मले हिवताप नव्हता आला?"

आला होता. प्रेमलालला तो पाऊस आठवला, दवाखान्यातून आणलेल्या कडू गोळ्या आठवल्या. तीन दिवस तो कचेरीतून थेट इथे येत होता. तिच्या कपाळावर हात ठेवून बसत होता, काळजीत होता, पण ती काळजी कुठल्याही बापाची असते तशी होती. त्या तापाला त्यानं ताप म्हणूनच पाहिलं होतं. गोळ्या दिल्या होत्या, डॉक्टरला विचारलं होतं, आणि उतार पडल्यावर घरी जाऊन झोपला होता.

"फोटो तवा माह्या पेटीत होता," कमला म्हणाली. "खाटेजवळच्या. तुमी त्याच पेटीवर बसून मले गोळ्या देत होते. खोटं नाही सांगत बाबा, मी बी भेली. एका दुपारी ताप असा चढला, घरी कोणी नव्हतं, तं पेटी उघडली अन् फोटो काढला. म्हटलं, फाडून टाकतो. मंग मनात आलं, फाडला अन् बरी झाली, तं बाबाचंच खरं होईन. ठेवून देला घनश्यामकाकाचा फोटो तसाच. बरी झाली. मंगच तो त्याह्यच्या दुकानात नेऊन देला, का तुमच्या हाती लागू नये. अन् त्याह्यनं लावला शोकेसात!" एवढं म्हणून ती हसायला लागली.

पण प्रेमलालच्या कानात शेवटचं काही शिरलं नाही. त्याच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, हिवताप. हिव. हा शब्द त्यानं आधी कुठे ऐकला होता, कोणाच्या तोंडून? आणि एकाएकी, भरवेलीच्या त्या ओट्यावर, काळ्या धुळीच्या वासात, त्याला अंजनाचा आवाज ऐकू आला. ती कांसात उभी होती, तो कॅमेऱ्यात डोकं घालून होता, आणि ती म्हणाली होती, लवकर करा ना, मले सकाळपासून हिव वाजून राह्यलं. सकाळपासून. तो म्हणाला होता, मग घरी जाऊ, राहू दे. आणि तीच म्हणाली होती, नाही, आता नेसली हावो तं काढाच, मंग जाऊन निजते. मग ती हसली आणि त्यानं फोटो काढला. ताप आधी होता. फोटोच्या आधी, ती कांसात पाऊल टाकायच्या आधी, ते लुगडं नेसायच्या आधी ताप तिच्या अंगात होता. हे वाक्य त्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि फोटो धुऊन आला त्या संध्याकाळी ते जे हरवलं, ते आज सापडलं. फोटोतली अंजना हसत होती, म्हणून त्यानं धरून चाललं होतं की ती तोवर बरी होती. माणूस ताप असतानाही हसतो, एवढी साधी गोष्ट त्याला इतकी वर्षं सुचली नव्हती. सुटलो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग अंजनाची अशी आठवण आली की जिच्यात भीती नव्हती, नुसतं दुःख होतं. ते स्वच्छ दुःख त्याला बरं वाटलं. त्यानं ओट्यावर बसल्या बसल्या डोळ्याला धोतराचा सोगा लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. गोदाबाई पाणी आणायला आत गेली आणि शेजारच्या बायका समजूतदारपणे आपापल्या दारात शिरल्या.

पाणी पिऊन झाल्यावर तो नुसता बसून राहिला. अंग हलकं झालं होतं, मैलभर ओझं वाहून आणून ठेवल्यावर खांदे होतात तसं. समोरच्या बांधापलीकडे धान उभा होता आणि बांधावर कांसाचा एक लहानसा पट्टा फुलला होता. खाणीची धूळ बसून तो नदीकाठच्याइतका पांढरा राहिला नव्हता.

"एक सांगू का, बाबा?" कमला म्हणाली. "तुमचे सगळे फोटो पाह्यले मी, पेटी उघडून. हरेकात एका अंगाले जागा सोडेल हाय. माणूस उभं राहीन इतकी. घनश्यामकाकाले कांस कापा लागला नाही का झाड हटवा लागलं नाही, फक्त मले आणून ठेवा लागलं."

प्रेमलाल हसला. तसं असेल, किंवा ही पोर बापाला बरं वाटावं म्हणून बोलत असेल. आज घरी जाऊन पेटी उघडून बघायला हवं. मग त्यानं कातडी पेटीचा पट्टा सोडला, कॅमेरा बाहेर काढला, घडी उलगडली.

"चल," तो म्हणाला. "उभी राह्य तिथं बांधावर. ऊन चांगलं हाय."

कमलानं सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर एक क्षणभर तीच लहान पोर दिसली, जिला कांसात शिरायचं असायचं. गोदाबाईनं तिला हात देऊन बांधावर चढवलं, पदर नीट केला, आणि स्वतः बाजूला झाली. प्रेमलालनं आत पाहिलं. माणसाला कुठे उभं करायचं, किती लांब राहायचं, हे सगळं तो विसरून गेला होता. जरा इकडे, जरा तिकडे, मान वर, असं करत करत त्यानं तिला घाम फोडला, आणि गोदाबाई म्हणाली, अरे, पोरीचे पाय दुखत असतीन. शेवटी ऊन तिच्या गालावर नीट पडलं. तिची सावली कांसावर पसरली होती, चांगली ठसठशीत, पोटासकट.

"आता हलू नको," प्रेमलाल म्हणाला.

कमला दचकली आणि तिचा हात पोटावर गेला.

"हलू नको म्हटलं ना!"

"मी नाही हलली, बाबा," कमला म्हणाली. "हा हलला."

प्रेमलालनं मान वर केली, तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पुन्हा कॅमेऱ्यात डोकं घातलं.

"हलू दे त्याले," तो म्हणाला, आणि त्यानं खटका दाबला.